दौलताबादच्या घाटात तुटलेली चेन

शहरापासून वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर. एस.टी.ने सगळेच जातात, पण सायकलने जायचे तर थंडीचे दिवस गाठावेत. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी वस्तीतले आम्ही अकरा जण निघालो. सायकली साध्या, रोज कामावर नेण्याच्या. नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर, हरभरा आणि कापूस वेचणाऱ्या बाया. दौलताबादला पेरू घेतले. तिथल्या दरवाजातून रस्ता फार चिंचोळा आहे. समोरून बस आली तर सायकलवाल्याने मुकाट उतरावे.

पुढे घाट लागतो. चढावर सारा जोर चेनवर येतो. नेमकी तिथेच नववीतल्या एका मुलीच्या सायकलची चेन निखळून रस्त्यावर पडली. चेनचे लॉक उडाले होते. दोनच दिवसांपूर्वी एका दुकानात नवी चेन बसवली होती. सायकल तिच्या वडिलांची. सोमवारी सकाळी सातला ते तिच्यावरूनच कारखान्यात जाणार होते.

"टेम्पोत घालून पाठवा परत, तिच्यापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला?" एक जण म्हणालाच. पोरगी काही बोलली नाही, चेन गोळा करीत राहिली. आमच्यात एक रिक्षा चालवणारे दादा होते. ते म्हणाले, "ती परत गेली तर मीबी चाललो." मग कोणी टेम्पोचे नाव काढले नाही.

दादांच्या पिशवीत तंबाखूच्या रिकाम्या डबीत जादा लॉक निघाले. दोन पिनांची कडी, वर पट्टी आणि ती धरून ठेवणारी छोटी क्लिप, एवढेच ते. क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवे. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निसटते. दादांनी नुसते सांगितले, पकड मुलीच्या हातात दिली. दोनदा क्लिप उडाली, तिसऱ्यांदा बसली. अर्धा तास गेला.

वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध. दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वासे असावेत तसे दगडात कोरले आहेत. ऑइलने काळे झालेले हात मागे धरून पोरगी ते छत बराच वेळ बघत होती.

परतताना आधी खुलताबादपर्यंत चढ, मग दौलताबादचा उतार. उताराला चेनपेक्षा ब्रेकचे गुटके महत्त्वाचे. ते वेरूळलाच तपासले, दोन बदलले. थंडीत दिवस लवकर मावळतो, म्हणून तीनलाच निघालो.