तीन नावे लिहा, मिक्सर मिळवा!

रविवारी वंदना आटोपली की आमच्या विहारात महिला मंडळाची बैठक बसते. भिशीचा हिशेब, कुणाच्या मुलाचा निकाल, कुणाच्या घरचे आजारपण असे विषय निघतात. मागे एका बैठकीत कॉलेजात शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला सगळ्यांसमोर माझ्या मावशीची माफी मागायची आहे." तिने पुढे जे सांगितले ते ऐकून आम्ही घरी परतलो, ते हा लेख लिहायचे ठरवूनच.

घडले ते असे. स्वयंपाकघरातील वस्तू विकणाऱ्या एका कंपनीने सणाच्या तोंडावर इन्स्टाग्रामवर जाहीर केले, 'आमचे पान फॉलो करा, ही पोस्ट लाईक करा, खाली आपल्या तीन माणसांची नावे लिहा आणि मिक्सर जिंका!' यालाच 'गिव्हअवे' म्हणतात. जितकी जास्त नावे, तितकी जास्त संधी, असेही त्यात होते. घरचा मिक्सर जळालेला. मुलीने मावशी, मामी, चुलत बहिणी, मैत्रिणी अशी पंधरा-वीस नावे भराभर लिहून टाकली. मावशीनेही भाचीचे पाहून त्या पोस्टखाली 'मलाही हवा' असे लिहिले.

दोन दिवसांनी मावशीला संदेश आला. नाव त्याच कंपनीचे, चित्रही तेच. नावात फक्त एक टिंब जास्त होते, ते कुणाच्या लक्षात येणार? 'अभिनंदन! आपल्याला मिक्सर लागला आहे. कुरिअरचे ४९९ रुपये पाठवा.' मावशीने पाठवले. मग 'कराचे' म्हणून २,८०० रुपये मागितले, तेही पाठवले. त्यानंतर ते खातेच नाहीसे झाले. मावशी अंगणवाडीत मदतनीस आहे. लोक हसतील म्हणून महिनाभर ती कुणाशी बोलली नाही. अखेर बोलली तेव्हा भाचीला एवढेच म्हणाली, "तुझं नाव दिसलं गं, म्हणून मला खरं वाटलं."

वाचक बंधू-भगिनींनो, या एका वाक्यात गिव्हअवेचे सारे मर्म आहे. मावशीला फसवले ते भामट्याने, कंपनीने नव्हे, हे खरे. परंतु मावशीचा विश्वास बसला तो ना कंपनीवर, ना भामट्यावर. तो बसला भाचीच्या नावावर. कंपनीला हवे होते तेही तेच नाव आणि भामट्याने वापरले तेही तेच.

बक्षीस जुने, व्यवहार नवा

बक्षिसाचे आमिष आपल्याला नवे नाही. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारी प्लास्टिकची इवलीशी जनावरे आमच्या पिढीने जमवली आहेत. साबणाची वेष्टने पाठवा, कुपन कापून चिकटवा, दिवाळीत टीव्ही घेतल्यावर कार्ड खरवडा, हे सगळे आपण केले. तिथे व्यवहार सरळ होता. आपण वस्तू विकत घेत होतो आणि बक्षिसाचा खर्च कंपनी त्या किमतीतूनच वसूल करीत होती.

गिव्हअवेत काही विकत घ्यावे लागत नाही, म्हणून ते फुकट वाटते. जरा हिशेब करून पाहू. समजा, मिक्सर ३,००० रुपयांचा आहे. समजा, २,००० जणांनी भाग घेतला आणि प्रत्येकाने तीन नावे लिहिली. म्हणजे ६,००० माणसांपर्यंत जाहिरात पोहोचली, एका माणसामागे ५० पैशांत! शिवाय ती नुसती जाहिरात नव्हे. तिच्यामागे कुणाची भाची, कुणाची जाऊ, कुणाचा मित्र उभा आहे. पोस्टखाली जितके जास्त लोक लिहितात, तितकी ती पोस्ट इन्स्टाग्रामची यंत्रणा आणखी लोकांना दाखवते, हा लाभ वेगळाच. मिक्सर एकालाच मिळतो. उरलेल्या १,९९९ जणांनी कंपनीचे काम बिनमजुरीने केलेले असते.

माणसांच्या नात्याची किंमत कशी लागते, हे अमेरिकेत एका कंपनीने उघडच करून दाखवले होते. जानेवारी २००९ मध्ये बर्गर किंगने फेसबुकवर एक योजना आणली. आपल्या यादीतील दहा मित्रांना काढून टाका आणि एक बर्गर फुकट मिळवा! ज्याला काढले त्याला तसा निरोपही जात असे की, बर्गरपायी तुमचा बळी दिला. थोड्याच दिवसांत २,३३,९०६ मैत्र्या अशा तोडल्या गेल्या. हा निरोप पाठवण्यास फेसबुकने हरकत घेतली आणि योजना बंद पडली. लोकांनी ती थट्टा म्हणून घेतली. आम्हांला मात्र त्यात हिशेब दिसतो. तिथे दहा मित्रांना काढल्यावर बर्गर होता. इथे तीन माणसांना ओढून आणल्यावर मिक्सरची नुसती आशा आहे.

नियम काय सांगतात?

पुष्कळांना ठाऊक नसते की, फेसबुकच्या स्वतःच्या नियमांनुसार स्पर्धेत भाग घेण्यासाठी 'आपल्या भिंतीवर ही पोस्ट टाका' किंवा 'मित्रांना टॅग करा' अशी अट घालता येत नाही. फेसबुक असो वा इन्स्टाग्राम, योजनेशी त्यांचा संबंध नाही, हे आयोजकाने सांगणेही बंधनकारक आहे. प्रत्यक्षात काय चालते, ते आपण रोज पाहतोच.

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. बक्षीस जाहीर करून ते न देण्याचा हेतू असणे, किमतीत वसूल केलेली वस्तू फुकट म्हणून दाखवणे आणि योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणे, या तिन्ही गोष्टींना हा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. तेव्हा 'निकाल कुठे आहे?' असे विचारणे हा आपला हक्क आहे, आगाऊपणा नव्हे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. प्रसिद्ध व्यक्तींनी एखाद्या वस्तूची भलावण करताना कंपनीकडून मिळालेला मोबदला वा भेट उघड करावी, अशा मार्गदर्शक सूचनाही केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढल्या आहेत.

आमचीही एक भगिनी गिव्हअवे करते

एवढे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे हे सगळेच वाईट. तसे नाही. आमच्याच मंडळातील एक भगिनी कापडी पिशव्या शिवून विकते. रस्त्यावर दुकान घ्यायला तिच्याजवळ भांडवल नाही. मोबाईल हेच तिचे दुकान. तिने पाच पिशव्यांचे गिव्हअवे केले. पण कुणाचेही नाव लिहायला सांगितले नाही. 'तुम्हांला पिशवी कशासाठी हवी, ते लिहा,' एवढेच विचारले. शेवटची तारीख आधी सांगितली, चिठ्ठ्या सर्वांना दिसतील अशा थेट प्रक्षेपणात काढल्या आणि पाचही नावे त्याच पानावर लावली. कुरिअरचा खर्च तिने स्वतः केला. बक्षीस संपताच बरेच लोक पान सोडून गेले. राहिले ते थोडे, पण त्यांनी पुढे पिशव्या विकत घेतल्या.

नवउद्योजकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बक्षिसांची संख्या आधी ठरवा. अमेरिकेत सनी को क्लोदिंग या लहानशा कंपनीने २०१७ साली, चोवीस तासांत आमचे छायाचित्र जो जो आपल्या पानावर टाकेल त्याला पोहण्याचा पोशाख मोफत, फक्त पाठवणीचा खर्च द्यावा, असे जाहीर केले. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी प्रतिसाद दिला! कंपनीला माघार घेऊन मर्यादा घालावी लागली आणि लोकांचा रोष पत्करावा लागला.

घरात एवढे पाळावे

बक्षीस लागले म्हणून कुणी पैसे मागितले की तिथेच थांबावे. कर असला तरी तो सरकारकडे जमा होतो, कुणाच्या मोबाईल क्रमांकावर नव्हे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. संदेश आला तर कंपनीच्या मूळ पानावर जाऊन निकाल पाहावा, नावातील अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आधारकार्डाचा फोटो आणि ओटीपी कुणालाही देऊ नये. आणि फसवणूक झालीच, तर लाज न धरता ताबडतोब १९३० या सायबर क्रमांकावर कळवावे. लवकर कळवले तर पैसे अडवता येण्याची आशा असते. मावशीचा महिना लाजेत गेला. तिचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत.

आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी वडिलोपार्जित जमीनजुमला नाही, पेढी नाही. आपल्या माणसांत आपल्या शब्दाला असलेली पत हीच आपली ठेव. कुणाला नोकरीसाठी चिठ्ठी देताना, कुणाला जामीन राहताना आपण दहादा विचार करतो. मग मिक्सरच्या आशेने वीस माणसांची नावे एका दमात का लिहून टाकतो?

त्या दिवशी बैठकीत मावशी काहीच बोलली नाही. उठून भाचीजवळ जाऊन बसली, एवढेच. आता ती मुलगी कुणाचे नाव कुठे लिहायचे असले, तर आधी फोन करून विचारते. घरी मिक्सर अजून आलेला नाही. चटणी पाट्यावरच वाटतात.