‘वायू आढळला नाही’ म्हणजे काय?

मागच्या व्याख्यानात आपण अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. समोर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, असं कधी म्हणता येतं? भाट्ट मीमांसक म्हणतात, घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिती असेल तरच. अंधारात न दिसणं हा कशाचाच पुरावा नव्हे. आज हे घेऊन आपण थेट कचराभूमीवर जाऊ. हसू नका, घटापेक्षा तिथलं उदाहरण चांगलं आहे.

कचरा दाबून झाकला की आतला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू ओला कचरा कुजवतात आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मे-निम्मे तयार होतात. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लोस्को गावची कचराभूमी १९८२ मध्ये बंद झाली. मार्च १९८६ मध्ये एका सकाळी तिच्याजवळचा बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला, तीन जण जखमी झाले. त्याआधी काही तासांत हवेचा दाब झपाट्यानं उतरला होता. बाहेरचा दाब उतरला की जमिनीतला वायू बाहेर पडू लागतो. इथे तो खडकातल्या भेगांमधून घराखाली पोचला. आता समजा, आदल्या दिवशी दाब चढा असताना कुणी मोजणी करून ‘वायू नाही’ असं लिहिलं असतं. आकडा खोटा नसता, पण निष्कर्ष?

दुसरी गंमत लीचेटची, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याची. ते उपसलं नाही तर वायूच्या विहिरीत चढतं, जाळीची भोकं बुडतात आणि वायू आत येतच नाही. मीटर शून्य दाखवतो! भूजलाचंही तसंच. तपासणीची विहीर प्रवाहाच्या वरच्या अंगाला खणली तर पाणी वर्षानुवर्षं स्वच्छच येणार. वरची विहीर तुलनेसाठी हवीच, पण गळती कळते ती खालच्या विहिरीत.

आपल्याकडे २०१६च्या घनकचरा नियमांत कचराभूमी बंद केल्यावरही किमान १५ वर्षं देखभाल करण्याची अट होती. मुंबईत गोराईचा डोंगर झाकून वर हिरवळ केलेली आहे. अशा जागेचा अहवाल हाती आला, तर आपण आधी तीन गोष्टी विचारू: त्या दिवशी हवेचा दाब चढत होता की उतरत होता, वायूच्या विहिरीत पाणी किती होतं, आणि भूजलाचा नमुना कुठल्या अंगाचा?