पाटीवर 'डॉ.', पण कुठल्या पॅथीचे?

सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागाची पाळी सुटली की आसपासच्या दवाखान्यांत एकच घाई: 'डॉक्टर, सुई मारा, उद्या कामावर जायचंय.' समोरच्या बीएएमएस, म्हणजे आयुर्वेद पदवीधर, डॉक्टरांनी नाडी बघायला हात मागितला, तर पेशंट आधी बाही वर करतो. या मंडळींबद्दलचे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज : एमबीबीएसला नंबर लागला नाही, म्हणून हे 'अर्धे डॉक्टर'.
वस्तुस्थिती : पहिली पसंती एमबीबीएसची असते, हे कोणीही प्रांजळपणे मान्य करील. पण प्रवेश त्याच 'नीट'मधून होतो. शिक्षण साडेचार वर्षांचं, वर एक वर्षाची आंतरवासिता. शहरातल्या शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी चरक-सुश्रुताबरोबर शवविच्छेदनही शिकावं लागतं. १०८ रुग्णवाहिकेत बसणाऱ्यांत बीएएमएस डॉक्टर कितीतरी आहेत. तिथे त्यांची पदवी कोणी विचारत नाही!

गैरसमज : आयुर्वेद काय, होमिओपॅथी काय, सगळं एकच देशी औषध.
वस्तुस्थिती : होमिओपॅथी जर्मनीच्या हानेमान यांची. दोन्हींच्या पदव्या वेगळ्या, नोंदणी करणाऱ्या परिषदाही वेगळ्या.

गैरसमज : ॲलोपॅथीची गोळी लिहिली की डॉक्टर बोगस.
वस्तुस्थिती : इथे सरसकट उत्तर चालत नाही. महाराष्ट्रात १९९२च्या अधिसूचनेने नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना, जेवढं प्रशिक्षण झालं तेवढ्यापुरती, आधुनिक औषधं देण्याची मुभा दिली. होमिओपॅथीचं तसं नव्हतं. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा थेट निष्काळजीपणा ठरवून तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. २०१४मध्ये राज्याने कायदा बदलला आणि औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना वाट दिली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५मध्ये ॲलोपॅथी डॉक्टरांनी संपही केला. बोगस तो, ज्याची कुठल्याच परिषदेत नोंद नाही.

गैरसमज : आयुर्वेदावर विश्वास नाही, म्हणून हे इंजेक्शन देतात.
वस्तुस्थिती : काहींचा नसेलही. पण पथ्य सांगणाऱ्या वैद्याकडे पेशंट दुसऱ्यांदा फिरकत नाही आणि गाळ्याचं भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं. पाटीवरची पदवी बारीक अक्षरांत जाते, त्यात या बाजाराचा वाटा मोठा आहे. तरी ती लपवणं मला पटत नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र वाचा. दिसलं नाही तर विचारा: 'डॉक्टर, तुमची पदवी कुठली?' खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.