टर्बो कंपनीचा, इंटरकूलर बाहेरचा

मांडवीच्या जेटीजवळ बॉनेट उघडलं की कोणीतरी विचारतंच, "टर्बो तोच, मग इंटरकूलर मोठा कशाला?"

टर्बो हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते. इंटरकूलरने 120 अंशांवरची हवा त्याच दाबाला 60 अंशांवर आणली, तर तेवढ्याच जागेत सुमारे 18 टक्के जास्त मावते. आंबा घाट चढताना फरक कळतो. गावात, खरं सांगायचं तर, फारसा नाही.

पण उगाच अवाढव्य घेऊ नका. भरायला वेळ लागतो, टर्बो उशिरा जागा होतो, वर रेडिएटरचा वारा अडतो.

माझ्या गाडीत पहिल्या खेपेला होजचा क्लॅम्प सैल राहिला. साखरप्याच्या पुढे फुस्स आवाज आणि मागे काळा धूर! गॅरेजात पाइपात कॉम्प्रेसरची हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडे आले, चोर सापडला.

आपल्याकडे खरा वैरी खारा वारा. ॲल्युमिनियमच्या फिन्सवर मीठ बसतं. अधूनमधून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स वाकतात.

आणि हो, मूळ रचनेतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आधी आरटीओत विचारा, मग पाना उचला.