काल्पनिक प्रदेशांची नावे, वाटा आणि लौकिक : धामणकर नाक्याच्या निमित्ताने

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने संगणकावरील खेळांकडे काय म्हणून पाहावे, असा प्रश्न आमच्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी उपस्थित केला आहे. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रथमच दिले पाहिजे. या खेळांपैकी कित्येकांत एक संपूर्ण प्रदेश रचलेला असतो. त्या प्रदेशात शहरे असतात, शहरांना नावे असतात, एका शहरातून दुसऱ्यात जाण्याच्या रीती असतात आणि प्रत्येक शहराचा काही बरावाईट लौकिकही असतो. यांपैकी नाव ही उघडच भाषिक वस्तू होय. परंतु वाट आणि लौकिक यांचाही फार मोठा अंश बोलण्यातूनच घडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून त्याचीच येथे थोडी चिकित्सा करावयाची आहे.

निमित्त असे घडले. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपण योजिलेल्या खेळाचा नकाशा मजपुढे ठेविला. सुवर्णपुरी, चंद्रनगर, वज्रदुर्ग, रत्नद्वीप अशी एकाहून एक डौलदार नावे त्यात होती. मात्र कोणत्याही दोन गावांमधून माणूस खरोखरच चालत गेला असेल, असे ती वाचून वाटेना. हा विद्यार्थी भिवंडीचा. त्याला सहज विचारले, “तुमच्या घरी यावयाचे झाल्यास कसे यावे?” तो म्हणाला, “सर, कल्याणला स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा मिळेल. नुसते ‘धामणकर’ म्हणा, नाका म्हणायची गरज नाही. नाक्यावर उतरलात की कोणालाही पद्मानगर विचारा, आणि तिथे आलात की मला फोन करा. पुढचे सांगून समजणार नाही.” या चार वाक्यांत जेवढा प्रदेश होता, तेवढा त्याच्या नकाशात नव्हता.

प्रथम नावांचा विचार करू. ‘नाका’ म्हणजे मुळात वाटेचे तोंड, जेथे येणाऱ्याजाणाऱ्यास अडवून जकात घेतली जाई ती जागा. पुढे जकात घेणारे गेले, तरी लोक थांबत राहिले आणि शब्दाचा अर्थ ‘चौक’ असा झाला. मुंबईतील जकातही २०१७ मध्ये संपली. नाके मात्र आहेत तेथेच आहेत. सकाळी कामाच्या आशेने तेथे उभ्या राहणाऱ्या मजुरास ‘नाका कामगार’ म्हणतात, म्हणजे शब्दाने एक नवा अर्थही कमावला. ‘फाटा’ याहून निराळा : मोठ्या रस्त्यापासून एखाद्या गावाची वाट जेथे फुटते ती जागा. भिवंडीचा अंजूरफाटा अंजूर गावात नाही, आणि भिवंडीतील कल्याण नाका कल्याणात नाही. ही नावे आपण कोठे आहोत हे सांगत नाहीत, येथून कोठे जाता येते हे सांगतात. वंजारपट्टी, कामतघर, निजामपूर, पद्मानगर ही नावे त्यांच्या शेजारी ठेवावीत. तांडे हाकणारे वंजारी, जुन्या राजवटी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, असे एकेका काळाचे थर त्यांत उमटलेले दिसतात. एका हाताने ठेवलेली नावे अशी कधीच नसतात.

धामणकर नाक्याचे नाव तर याहूनही गमतीचे आहे. ‘धामणकर’ हे आडनाव. ‘-कर’ हा प्रत्यय लागल्यामुळे त्याच्या पोटात एखादे धामण किंवा धामणी नावाचे गाव आहे, हे उघड होय. (धामण हे सापाचेही नाव आहे व झाडाचेही; त्या गावाने ते कोणाकडून घेतले हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही.) म्हणजे एका गावाचे नाव माणसास लागले, माणूस दुसरीकडे आला, आणि त्याचे आडनाव तेथील चौकास लागले. स्थलनामाच्या आत व्यक्तिनाम, आणि व्यक्तिनामाच्या आत पुन्हा स्थलनाम. एक संबंध स्थलांतर तीन अक्षरसमूहांत साठविले गेले आहे. ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो मार्ग ५ च्या स्थानकांच्या यादीतही हेच नाव घेतलेले आहे.

आता याच्याशी एक प्रसिद्ध काल्पनिक प्रदेश ताडून पाहावा. १९९६ मध्ये जपानात निघालेल्या पोकेमॉन या खेळातील प्रदेशाचे ‘कांतो’ हे नाव जपानच्या खऱ्या कांतो प्रांताचेच आहे. परंतु त्यातील बहुतेक शहरांना रंगांची नावे आहेत. इंग्रजी आवृत्तीत ती व्हर्मिलियन, सॅफ्रन, लॅव्हेंडर अशी झाली. योजना सुबक आहे आणि मुलांच्या ध्यानात चटकन राहते. तथापि ती एका बैठकीत झालेली आहे, हे लपत नाही. याउलट टोल्किन हा ऑक्सफर्डचा भाषापंडित. त्याने आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारे लोक व त्यांचे देश रचले. त्यामुळे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) मध्ये एकाच नदीस किंवा पर्वतास निरनिराळ्या लोकांची निरनिराळी नावे असतात. आपल्याकडे पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा खेळ आणला. त्यातील रणभूमीचे नाव ‘वीरलोक’. येथे ‘-लोक’ हे उत्तरपद विचार करण्याजोगे आहे. इंद्रलोक, नागलोक, परलोक या ठिकाणी कोणी रस्त्याने जात नाही. पुण्याईने, मरणाने किंवा आकाशमार्गाने जातो. त्या प्रकारच्या खेळात खेळाडू आकाशातूनच उतरत असल्यामुळे हे नाव योग्यच म्हटले पाहिजे. परंतु ज्या खेळात पायी हिंडावयाचे आहे, तेथे -पुरी आणि -लोक यांनी भागत नाही. तेथे पाडा, वाडी, खिंड, फाटा आणि नाका लागतो.

वाटेसंबंधी सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘मॉरोविंड’ या २००२ च्या खेळाचे आहे. त्यात सिल्ट स्ट्रायडर नावाच्या प्रचंड कीटकाच्या पाठीवर बसून प्रवास करता येतो, पण तो ठराविक गावांनाच जातो. सेडा नीनहून अल्डरून गाठावयाचे तर आधी बाल्मोरास उतरून तेथून दुसरा धरावा लागतो. एस. टी. च्या अड्ड्यावर आयुष्य घालविलेल्या मराठी वाचकास हे निराळे समजावून सांगावयास नको. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्या खेळात अमुक ठिकाणी कसे जावे हे तेथील माणूस शब्दांनी सांगतो : नदी ओलांडा, पूल लागला की उत्तरेस वळा, आणि असेच पुढे. सांगणारा कधी मोघम सांगतो आणि ऐकणारा चुकतो. याच मालिकेतील २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये ही जबाबदारी मुख्यतः पडद्यावरील खुणेकडे गेली. खेळाडू खुणेच्या मागे चालतो आणि वाटेवरच्या गावांची नावे त्याच्या कानावरून निघून जातात. सोय झाली, यात शंका नाही. परंतु विचारण्याची गरज संपताच प्रदेशाची बोली मुकी झाली.

शब्दांनी वाट सांगण्याची परंपरा मराठीत फार जुनी आहे. चौदाव्या शतकातील महानुभावीय ‘स्थानपोथी’ हा ग्रंथ म्हणजे चक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, राहिले त्या स्थानांची नोंद होय. देऊळ गावाच्या कोणत्या बाजूस, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्यापासून पुढचे स्थान कोणीकडे, हे त्यात शिस्तीने सांगितलेले आहे. गद्य रूक्ष आहे, वाङ्मयीन सौंदर्य शोधणाऱ्याची निराशा होईल. पण भक्ताचा पाय नेमक्या जागी पडावा, एवढाच त्याचा हेतू आहे आणि तो सिद्ध होतो. पंढरीच्या वाटेवर चालता चालता महाराष्ट्र म्हणजे काय याची व्याख्या इरावती कर्वे यांना सापडली, हे सर्वश्रुतच आहे. प्रदेश आधी आणि प्रवास मागून, असा क्रम आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तो उलट असतो.

लौकिकाचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो केवळ खेळाचा नव्हता. आपण भिवंडीचे आहोत असे सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे त्याने मला पूर्वी एकदा बोलून दाखविले होते. भिवंडीत १९७० मध्ये दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२–९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. ही गोष्ट सरकारदरबारी व अभ्यासकांत ठाऊक आहे. बोलण्यात मात्र पहिल्या दोन सालांचीच भिवंडी टिकून आहे. एखादी गोष्ट घडली तर तिची वार्ता होते. घडली नाही, याची होत नाही. तेव्हा लौकिकाच्या व्याकरणात नकारार्थी क्रियापदास फारसे स्थान नाही, असे म्हणावे लागते.

खेळांत हा लौकिक आकड्यांनी मोजतात. १९९८ च्या ‘फॉलआउट २’मध्ये प्रत्येक गावी खेळाडूचे नाव निराळे असते : एका गावी सज्जन, तर दुसऱ्या गावी बदमाश. २०१० च्या ‘न्यू व्हेगास’ने त्यात एक सूक्ष्म सुधारणा केली. तेथे सत्कीर्ती व दुष्कीर्ती या दोन वेगळ्या खात्यांत जमा होतात, आणि एकीने दुसरीची वजावट होत नाही. रचनाकारांना माणसाच्या स्वभावाची जाण होती, असेच म्हटले पाहिजे. भिवंडीलाही ही दोन खाती लागू पडतात. यंत्रमागांमुळे तिला ‘मँचेस्टर’ म्हणतात (ही पदवी इचलकरंजीलाही आहे, आणि खऱ्या मँचेस्टरच्या गिरण्या थंडावल्यानंतरही ती उपमा म्हणून चालूच आहे). दंगलीचे खाते शेजारी तसेच उघडे. अलीकडे तिसरेही निघाले आहे. शहराभोवती गोदामे वाढली, आणि घरी मागविलेली वस्तू कोठवर आली हे पाहणाऱ्या दूरदूरच्या माणसांस ‘भिवंडी’ हे नाव मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागले. त्यांच्या लेखी ते ना मागाचे गाव, ना दंगलीचे. तेथे आपली वस्तू एक रात्र मुक्काम करते, एवढेच.

खेळातील गावास मात्र एक उणीव असते. तेथे गावाच्या मनात खेळाडूविषयी मत असते, पण गावाविषयी इतर गावांचे मत काय, आणि त्या मताचे ओझे गावचा रहिवासी परगावी कसे वाहतो, याची नोंद क्वचितच केलेली आढळते. हे मी विद्यार्थ्यास सांगितले.

तीन आठवड्यांनी तो दुसरा नकाशा घेऊन आला. वज्रदुर्ग राहिला होता, बाकीची सुवर्णनगरे बहुतेक गेली होती. डोंगराखाली ‘वेशीचा नाका’ नावाचे गाव होते. तेथे वेस कोठेच काढलेली नव्हती. विचारल्यावर म्हणाला, “सर, ती पूर्वी होती. आता तिथे रिक्षा लागतात.” त्या गावचा कोणी माणूस दुसऱ्या गावी गेला की दुकानदार त्याला आधी गाव विचारतो आणि मग भाव सांगतो, अशी योजना त्याने केली होती. खेळाडूने खोटे गाव सांगितल्यास काय व्हावे, हे त्याचे अजून ठरलेले नव्हते.