हाड वाढत नाही, सरकते

बंदोबस्त संपवून थेट रुग्णालयात आलेल्या एक महिला हवालदार. वय ४६. पायातले बूट काढून त्यांनी पिशवीत ठेवले होते आणि अस्थिरोग विभागाच्या रांगेत त्या अनवाणीच उभ्या होत्या. ‘‘डॉक्टर, अंगठ्याचं हाड वाढलंय, तेवढं घासून काढा,’’ एवढीच त्यांची मागणी. हातात रक्ततपासणीचा कागद होता. युरिक ॲसिड किंचित जास्त. तेवढ्यावरून आठ महिने डाळी बंद होत्या, एक गोळी चालू होती आणि दुखणे जिथल्या तिथे होते.

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या या उंचवट्याला इंग्रजीत ‘बनियन’ म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्याकडे रुग्णाला अंगातला बनियन आठवतो, त्यामुळे डॉक्टर बहुधा तो उच्चारत नाहीत. ‘हाड वाढलंय’ हाच समज मग कायम राहतो. प्रत्यक्षात हाड वाढलेले नसते. अंगठ्यामागचे तळपायातले लांब हाड हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकते आणि अंगठा उलट, शेजारच्या बोटाकडे कलतो. दोन्हींच्या मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. त्यावर बूट घासला की कातडीखालची पाण्याची बारीक पिशवी सुजते, लाल होते, ठणकते. उभे राहून काढलेल्या एक्स-रेत अंगठ्याचा हा कल १५ अंशांहून जास्त असेल तर निदान पक्के होते.

युरिक ॲसिडचा घोळ होतो तो जागा एकच असल्यामुळे. पण दोन्ही दुखण्यांची चाल वेगळी. युरिक ॲसिडचा संधिवात बहुतेकदा रात्रीतून येतो, सांधा लालबुंद आणि गरम होतो, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत तो ओसरतो. बनियनचे दुखणे महिनोन् महिने असते. बूट घातले की वाढते, काढले की उतरते. रक्तातला आकडा थोडा वर गेला म्हणजे हा संधिवात झालाच असे नाही. मात्र चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना विचारावे.

हे होते कशामुळे? बऱ्याच घरांत आईचा आणि मुलीचा पाय सारखाच असतो. पायाची ठेवण वारशाने येते. तिला चपलाबुटांची जोड मिळते. हाँगकाँगमध्ये १९५८ साली बूट घालणाऱ्यांचे आणि अनवाणी राहणाऱ्यांचे पाय तपासले गेले, तेव्हा बूटवाल्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश लोकांचा अंगठा कललेला आढळला, अनवाणी लोकांत दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून अनवाणी फिरा असे कोणी सांगणार नाही. काचा आणि डांबरी रस्ता आहेच.

उपाय सुरू होतो तो बुटापासून. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून पावलाची कडा पेन्सिलीने आखावी आणि त्यावर आपला बूट ठेवावा. रेघ बुटाबाहेर दिसली तर बूट अरुंद आहे. इथे हमखास चूक होते ती एक नंबर मोठा बूट घेण्याची. तो लांब होतो, रुंद होतोच असे नाही. पाय पुढे घसरतो आणि दाब तिथेच येतो. पुढून रुंद, मऊ, इंचभरापेक्षा जास्त टाच नसलेला बूट हवा. आधीचा चामड्याचा बूट कोपऱ्यावरचा कारागीर साच्यावर चढवून ताणून देतो. दुसऱ्या बोटातली जोडवी कललेल्या अंगठ्यात रुतत असतील तर काही दिवस काढून ठेवावीत.

ठणका असताना फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. बोटांमध्ये ठेवायच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांनी आराम पडतो. अंगठा सरळ होत नाही, जाहिरात काहीही म्हणो. वेदनाशामक गोळ्या रोज घेण्याच्या नव्हेत. मूत्रपिंड, रक्तदाब किंवा जठराचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

घासून काढण्याने भागत नाही, कारण सरकलेले हाड तिथेच राहते. शस्त्रक्रियेत ते कापून जागेवर आणतात आणि स्क्रूने बसवतात. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सर्वांत बरे होते. बुटातल्या खास तळव्यांचा फायदा सहा महिन्यांनी दिसला, वर्षाने उरला नाही. पण शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे खास बुटात वावरावे लागते, सूज काही महिने राहते, कल पुन्हा येऊ शकतो. रुंद बूट घालूनही रोजचे चालणे अवघड झाले असेल तरच तिचा विचार करावा. पाय बरा दिसावा म्हणून नको.

मधुमेहींची गोष्ट वेगळी. त्यांचे पाऊल बधिर असेल तर बूट घासतो आणि कळतही नाही. उंचवट्यावरचे कुरूप ब्लेडने तासणे किंवा औषधाच्या दुकानातली कॉर्नची पट्टी लावणे यातून जखम होते आणि ती चिघळते. तिथे लाली, पाणी किंवा काळसरपणा दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

हवालदारबाईंचा एक्स-रे झाला, डाळी पुन्हा सुरू झाल्या. शस्त्रक्रियेची चिठ्ठी त्यांना मिळाली नाही. रुंद, मऊ बूट घालण्याची मुभा मिळावी अशी वरिष्ठांच्या नावाची चिठ्ठी मात्र मिळाली.