पाणी ओसरल्यानंतरचं काम

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्याच पावसात जगबुडीने खेडला आणि सावित्रीने महाडला गाठलं. नदीकाठच्या वाड्यांमध्ये कित्येक घरांचे तळमजले बुडाले. पाणी एक-दोन दिवसांत ओसरलं. मदत आली, गाळ उपसला गेला, घरं धुऊन काढली गेली. भिंती मात्र पुढे कित्येक महिने ओल्या राहिल्या. २००५ च्या २६ जुलैनंतरही चिपळूणकरांनी हेच पाहिलं होतं: पाडव्याच्या आत रंगाचे पोपडे, कपाटामागे काळी बुरशी, आणि कितीही उदबत्त्या लावल्या तरी न जाणारा कुबट वास.

भिजलेलं घर पुन्हा कोरडं करणं हा जगात एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची माणसं, यंत्रं आणि नियम वेगळे आहेत. अमेरिकेतल्या ‘आयआयसीआरसी’ या संस्थेने १९९४ मध्ये त्याचं ‘एस ५००’ नावाचं मानक पहिल्यांदा काढलं आणि आज या क्षेत्रातली बहुतेक मंडळी त्याच चौकटीत काम करतात. आपल्याकडे हे काम गवंडी, सुतार, वायरमन आणि पेंटर यांच्यात वाटलेलं असतं. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो, पण ओल किती उरली हे पाहणं कुणाच्याच वाट्याला येत नाही.

या व्यवसायातला पहिला प्रश्न असतो, पाणी आलं कुठून? नळाची पाइप फुटून आलेलं पाणी स्वच्छ, धुण्याच्या यंत्राचं मधलं आणि पुराचं किंवा संडासाचं सर्वांत घाण, अशा तीन वर्गांवर पुढचं सगळं ठरतं. पुराचं पाणी शेतातली औषधं, शौचालयाच्या टाक्या आणि मेलेली जनावरं यांवरून आलेलं असतं. म्हणून जे शोषून घेतं आणि उकळून धुता येत नाही ते टाकायचं: कापसाच्या गाद्या, उशा, सोफ्याचा फोम. पार्टिकल बोर्डाचं कपाट एकदा फुगलं की परत बसत नाही. साध्या प्लायवुडचे थर सुटतात. सागाचा किंवा फणसाचा जुना पलंग मात्र धुऊन, सावलीत हळूहळू वाळवला तर बहुधा वाचतो.

त्याआधी मेन स्विच बंद, आणि वायरमनने बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय तो चालू करायचा नाही. गाळ ओला असतानाच फावड्याने काढायचा, कारण सुकला की तो सिमेंटसारखा धरतो. पायात गमबूट, हातात मोजे. कोकणात लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती खरी आहे, त्यामुळे चिखलात उतरणाऱ्याने त्यावरच्या प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारावं. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

इथपर्यंतचं काम डोळ्यांना दिसतं. खरी विद्या पुढे सुरू होते. दहा फूट लांबीची, नऊ इंची चिऱ्याची भिंत चार फुटांपर्यंत भिजली असं धरू. तेवढ्या चिऱ्याचं वजन साधारण पावणेदोन टन भरतं. त्याने वजनाच्या दहा टक्के पाणी प्यायलं, तर एका भिंतीत सुमारे १७० लिटर पाणी बसलं. आता हवेकडे पाहा. जुलैत २७ अंश तापमानाला, ९० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत जेमतेम २३ ग्रॅम पाणी असतं आणि ती आणखी दोन-तीन ग्रॅमच घेऊ शकते. खोलीतली सगळी हवा मिळून भिंतीतलं शंभर ग्रॅम पाणीसुद्धा उचलत नाही.

म्हणून दारं-खिडक्या सताड उघडी टाकण्याचा आपला उपाय उन्हाळ्यात बरोबर आणि श्रावणात फसवा. बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असेल तर वारा खेळूनही भिंत वाळत नाही. हे काम जाणणारा माणूस अशा वेळी घर बंद करतो. कौलारू घरात फटींतून हवा येत राहते, म्हणून वाशांखाली प्लॅस्टिकचा कागद ताणून खोलीच्या आत खोली करावी लागते. मग मधोमध डीह्युमिडिफायर ठेवायचा. त्याच्या आत थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते आणि ते पाणी रबरी नळीने मोरीत सोडलं जातं. वाफेचं पाणी होताना सुटलेली उष्णता खोलीतच राहते, तिने हवा ऊबदार आणि आणखी तहानलेली होते. बुटके ब्लोअर भिंतीला तिरके लावतात, म्हणजे वारा भिंतीवर आपटण्याऐवजी तिला घासत जातो आणि पृष्ठभागाशी चिकटलेला ओल्या हवेचा थर सरकवतो. भिंतीवर आधीच बुरशी आली असेल तर मात्र ती काढल्याशिवाय ब्लोअर लावायचा नाही, नाहीतर तिचे बीजाणू घरभर होतात. आणि बुरशी फार वाट पाहत नाही. ओल्या पुठ्ठ्यावर, कापडावर ती एक-दोन दिवसांतच धरते.

यंत्र घेताना एक गोष्ट पाहावी. खोक्यावरचे ‘दिवसाला २० लिटर’ अनेकदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. खोली सुकत गेली की तेच यंत्र खूप कमी पाणी काढतं. तो यंत्राचा दोष नव्हे. शेवटचं पाणी चिऱ्याच्या पोटातून केव्हा बाहेर यायचं ते भिंतच ठरवते, आणि पुरानंतर वीज केव्हा येणार ते कुणाच्या हातात नसतं.

काम संपलं कधी म्हणायचं? इथे मॉइश्चर मीटर लागतो. त्याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या की त्यांच्यामधला विजेचा रोध मोजून तो ओलावा सांगतो. एकटा आकडा मात्र फसवू शकतो, कारण भिंतीत लोणा असेल तर क्षारांमुळे कोरडी जागाही ओली दाखवली जाते. म्हणून पाणी न लागलेल्या भिंतीचा आकडा आधी घ्यायचा आणि भिजलेली भिंत त्याच्या जवळ येईपर्यंत रोज त्याच जागी टोचून वहीत लिहायचं. मीटर नसेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला पक्का चिकटवून चोवीस तास ठेवावा. आतून दव धरलं, तर भिंत अजून ओली आहे.

कोकणातल्या घरांची अडचण अलीकडे वाढली आहे. चिरा ज्याचा असतो तो जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि सोडतोही. त्यावर चुन्याचा गिलावा होता तोवर ओल दोन्ही अंगांनी बाहेर पडत असे. आता वर सिमेंटचं प्लास्टर, त्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट. आत गेलेल्या पाण्याची वाटच बुजते आणि ते रंगाला फुगे आणून बाहेर येतं. लाकडाचंही तसंच. फुगून अडकणाऱ्या दरवाजाला भर पावसात रंधा मारला, तर माघात तोच दरवाजा चौकटीत खुळखुळतो.

नैसर्गिकरीत्या वाळणाऱ्या भिंतीसाठी ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच असा सांगतात. २०२१ मध्ये पूर आणि गणेश चतुर्थी यांत पुरते दोन महिनेही नव्हते. चतुर्थी १० सप्टेंबरला होती. चाकरमानी येणार, मखर सजणार, म्हणून घराला रंग हवाच, ही ओढ कुणालाही कळेल. पण नऊ इंची भिंत तेवढ्यात वाळत नाही. त्या ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट मारणं म्हणजे पुढच्या वर्षीचा खर्च आजच ठरवणं.

तेव्हा पाणी शिरलंच, तर काहीही टाकण्याआधी फोटो काढा आणि विमा असेल तर कंपनीला कळवा. एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं आहे. पाण्याच्या खुणेच्या वर हातभर जाईपर्यंत सिमेंटचं प्लास्टर फोडून चिरा उघडा करा. यंत्र भाड्याने मिळालं तर घर बंद करून चालवा. नाही मिळालं तर दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेवर भरवसा ठेवा आणि तेव्हा खिडक्या खुशाल उघडा. गणपतीला चुना काढा. रंग पाडव्याला द्या, तोही भिंतीला विचारून.